कावेरीला कान लावताना

म्हैसूरच्या सहलीला गेलेला मराठी माणूस कृष्णराजसागर धरणाखालची वृंदावन बाग पाहिल्याशिवाय परतत नाही. अंधार पडला की तिथली कारंजी गाण्यांच्या ठेक्यावर नाचू लागतात. भिंतीपलीकडे अडवलेल्या कावेरीचा आवाज मात्र कोणी ऐकत नाही. जगात काही कलावंतांनी नदीचा आवाज हेच आपलं माध्यम केलं आहे. त्यांच्या कामाला ध्वनिशिल्प म्हणतात.

बिल फॉन्टाना यांनी 2010 मध्ये लंडनच्या सॉमरसेट हाऊसच्या तळघरांत थेम्सचे आवाज आणून सोडले. न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या ॲनिया लॉकवूड यांनी 1982 मध्ये हडसन नदीचा ध्वनिनकाशा केला. पुढे डॅन्यूबचा करताना त्यांनी काठावरच्या माणसांचं बोलणंही त्यात घेतलं. मला ही डॅन्यूबची कृती अधिक मोलाची वाटते. नदीचं दुखणं आधी कळतं ते काठावरच्यांनाच.

नदी खळखळते ती मुख्यतः बुडबुड्यांमुळे. पाणी खडकावर आपटताना हवा आत ओढली जाते आणि तिचा बुडबुडा आकुंचन-प्रसरण पावत घंटेसारखा वाजतो. मिनार्ट या शास्त्रज्ञाने 1933 मध्ये त्याचं गणित मांडलं. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे 3,260 वेळा कंप पावतो. बुडबुडा जितका मोठा, तितका सूर खालचा. म्हणूनच उतार, खडक किंवा प्रवाह बदलला की नदीचा स्वर बदलतो आणि धरणाच्या फुगवट्यात तर खळखळ थांबतेच. पाण्याखाली हायड्रोफोन, म्हणजे पाण्यात चालणारा मायक्रोफोन, सोडला, तर किडे, मासे, पाणवनस्पतींतून सुटणारा वायू, असं बरंच काही ऐकू येतं. ऑस्ट्रेलियात ध्वनिकलावंत लीह बार्कले आणि ग्रिफिथ विद्यापीठातले नदीशास्त्रज्ञ यांनी 2014 मध्ये 'रिव्हर लिसनिंग' हा प्रकल्प सुरू केला. जाळं न टाकता, एकही जीव न मारता नदीची तब्येत पाहण्याची ही रीत आहे.

निव्वळ ऐकून नदी बरी होणार नाही. ऐकणं हे निदान. औषध म्हणजे धरणातून वेळेवर सोडलेलं पाणी आणि रोखलेलं सांडपाणी. कावेरी खोऱ्याबाहेर कुठेही न आढळणारा मोठा महसीर मासा 2018 मध्ये अतिसंकटग्रस्त ठरला, इतकं हे निदान तातडीचं आहे.

आणि नदी अशी ऐकण्यासाठी म्हैसूरइतकं योग्य गाव नाही. प्रा. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी 1935 मध्ये इथेच आपल्या घरातून 'आकाशवाणी' हे रेडिओ केंद्र सुरू केलं. वाणी आणि श्रवणावर काम करणारी अखिल भारतीय संस्था इथेच आहे. सलीम अलींच्या आग्रहामुळे 1940 मध्ये जवळचं रंगनथिट्टू पक्ष्यांसाठी राखलं गेलं.

या गावाने धरणाच्या पायथ्याशी, श्रीरंगपट्टणच्या संगमावर आणि नंजनगूडच्या कपिला नदीत वर्षभर हायड्रोफोन ठेवावेत, ते आवाज गावात सर्वांना ऐकवावेत आणि धरणातून पाणी सोडण्याचं वेळापत्रक ठरवणाऱ्यांच्या टेबलावरही ठेवावेत. आपल्याकडे पंचगंगेच्या काठावरही हे आजच सुरू करता येईल.