हातून कवटी फुटली आणि देवमाशाचं गोत सापडलं

ढोमा किंवा घोळ साफ करताना डोक्यात दोन पांढरे खडे लागतात, हे आपल्या घरातल्या पोरांनाही ठाऊक. ते माशाच्या कानातले खडे. देवमासा आणि डॉल्फिन हे मासे नव्हेत, त्यांच्यात असा खडा नसतो. पण त्यांच्या कानातही एक खूण असते. कानाच्या हाडाची जी वाटी असते, तिची आतली भिंत जाडजूड आणि दगडासारखी घट्ट असते. त्या भिंतीचीच ही गोष्ट.

जम्मूकडच्या राजौरी जिल्ह्यात कालाकोट आहे. दर्यापासून केवढं लांब! भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी तिथून हाडांनी भरलेले दगड जमवले. काही दात आणि जबड्याचे तुकडे बघून १९७१ मध्ये त्यांनी त्या प्राण्याला 'इंडोहायस' नाव दिलं. बाकीचे दगड फोडायचे राहिले आणि ते वारले. माणूस गेला की त्याची जुनी जाळी-अवजारं भंगारात जायला किती दिवस लागतात, आपण बघतोच. त्यांच्या पत्नीने मात्र ते दगड टाकले नाहीत. पुढे ते अमेरिकेतल्या ओहायोचे संशोधक हान्स थेविसेन यांच्याकडे दिले.

दगडातून हाड मोकळं करणं हे म्युझियमच्या प्रयोगशाळेतलं सगळ्यात चिकट काम. बोट वर ओढून तळाचे शिंपले खरवडताना हात जास्त दाबला तर लाकूड सोलतं, तसंच हे. हवेच्या दाबावर थरथरणारी पेनाएवढी छिन्नी, दातांच्या डॉक्टरकडे असतात तसल्या सुया, कुंचला. हाड भुसभुशीत असेल तर ॲसिटोनमध्ये विरघळवलेला पातळ डिंक पाजायचा, वाळू द्यायचं, मग पुढचा कण काढायचा. एका कवटीला महिने जातात.

अशा कामात थेविसेन यांच्या तंत्रज्ञाच्या हातून एक कवटी कानापाशी फुटली. नुकसानच ते. पण फुटलेल्या जागी कानाच्या वाटीची आतली भिंत दिसली, आणि ती जाड होती! तोवर अशी भिंत फक्त देवमाशांच्या कुळातच माहीत होती. इथे ती मांजराएवढ्या, बारीक पायांच्या, खुरांच्या प्राण्यात निघाली.

मग बाकीची हाडं तपासली. पायांची हाडं आतून भरीव आणि जड. रिकामी बोट हेलकावू नये म्हणून तळाशी वजन ठेवतात ना, तसं पाण्यात पाय टेकवून चालायला ते वजन. दातांतल्या ऑक्सिजनच्या तपासणीनेही हा प्राणी बराच वेळ पाण्यात काढायचा असंच दाखवलं. डिसेंबर २००७ मध्ये हे 'नेचर' मासिकात छापून आलं. आपल्या सह्याद्रीत पिसोरी हरीण आहे, साधारण तसलंच हे जनावर. आफ्रिकेतली पिसोरी अजूनही शत्रू दिसला की पाण्यात बुडी मारते.

एक मात्र लक्षात घ्या. इंडोहायस हा देवमाशाचा आजोबा नव्हे, चुलत घराण्यातला. सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा. तेव्हा पाण्यात उतरलेले पहिले देवमासे आधीच होते. खुद्द देवमाशांची जुनी हाडं बघायची तर कच्छ. अशोक साहनी आणि विजय प्रकाश मिश्रा यांनी १९७० च्या दशकात तिथल्या हाडांवर लिहिलं. हरुडी गावाचं नाव तर एका देवमाशाच्या शास्त्रीय नावातच आहे. आज कोरडं रान, तेव्हा तिथे उथळ दर्या होता.

ढोम्या-घोळीचे मोठे खडे कुणी डबीत जपून ठेवले असतील तर फोटो पाठवा. मासा कुठल्या पाण्यात मिळाला तेही लिहा.