जांबेच्या नारायणाने पाहिलेली माणसं

संपादकांनी फोनवर विषय सांगितला : थोरामोठ्यांनी जगण्याबद्दल, समाजाबद्दल, कलेबद्दल काय म्हणून ठेवलंय, त्याचा आढावा, आणि तोही आपल्या जालना जिल्ह्याच्या अंगाने. मी लगेच हो म्हणालो. ओळखीची मंडळी आताच म्हणत असतील, 'घ्या, आले पुन्हा रामदासांवर!' म्हणोत बापडे. घनसावंगी तालुक्यातल्या जांबेत जो माणूस जन्मला त्याला वगळून हा लेख लिहायचा, तर मग मोसंबीवरच लिहिलेलं काय वाईट?

प्राचीन काळ झटकन उरकतो. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर तिथल्या दात्यांची नावं कोरलेली आहेत. दान दिलं एवढं कळतं, मनात काय होतं ते दगड सांगत नाही. मधली सगळी शतकं तज्ज्ञांच्या हवाली करतो आणि 1608 च्या रामनवमीवर येतो.

सूर्याजीपंत ठोसर आणि राणूबाई यांचा धाकटा मुलगा नारायण, म्हणजेच पुढचे रामदास. आसनगावच्या बोहल्यावरून तो पळाला, टाकळीला तप केलं, देश पायी पालथा घातला, हे शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. थोरल्या भावाचं, गंगाधरपंतांचं नाव मात्र कोणी घेत नाही. ते जांबेतच राहिले, संसार केला आणि 'भक्तिरहस्य', 'सुलभोपाय' लिहून गेले. एकाच घरात एक संसारातून पळालेला आणि एक संसारात रमलेला, आणि दोघेही लिहिणारे. माझ्या मते रामदासांचा 'दासबोध' कळायला हे घर आधी डोळ्यांपुढे आणावं लागतं.

आमच्याकडच्या व्यासपीठांवर मात्र वेगळंच चालतं. रामदासांचा विषय निघाला की पहिला वाद शिवरायांच्या भेटीचा : 1649 की 1672? दोन्हीकडचे विद्वान कागदांच्या गठ्ठ्यांसह येतात, आवाज चढतात, चहा होतो आणि सभा संपते. एका पक्षाला ते राजगुरू म्हणून हवेत, दुसऱ्याला ते मुळीच नकोत. दोघांपैकी किती जणांनी 'दासबोधा'ची पोथी सलग वाचली असेल, याची मला दाट शंका आहे. पोथीत वर्णाभिमानाच्या ओव्या आहेत. त्या मी झाकत नाही आणि त्यांचं समर्थनही करत नाही. पण त्यांच्यापायी वीस दशक, दोनशे समासांवर फुली मारायची, हा कुठला न्याय? माझं म्हणणं गेली कित्येक वर्षं एकच आहे : रामदास हे मराठीतले माणूस पाहणारे पहिले मोठे निबंधकार आहेत. ओवी हा त्यांचा छंद, पण घाट निबंधाचा.

पुरावा हवा? तिसऱ्या दशकातले 'स्वगुणपरीक्षा' नावाचे समास काढा. एका साध्या प्रपंची माणसाची जन्मकथा आहे ती. कौतुकात वाढतो, लग्न होतं, बायको जाते, पुन्हा लग्न करतो. पोरं उदंड होतात आणि नेमकी तेव्हाच लक्ष्मी घरातून निघून जाते. खायला मिळत नाही, मुली लग्नाला येतात, लोकांत अब्रू राखायची म्हणून कर्ज काढतो. सावकार दाराशी येतात, तेव्हा घर सोडून परमुलखात चाकरीला जातो. परत येतो तो थकलेला. म्हातारपणी ज्यांच्यासाठी हे सगळं केलं, तीच पोरं 'हा सुटत का नाही' म्हणू लागतात. यातल्या एकाही टप्प्याला मंठा, परतूर, घनसावंगीकडच्या कोणत्याही वस्तीवर टीप द्यावी लागत नाही. दिवाळीनंतर ज्यांच्या दाराला कुलूप लागतं आणि बैलगाडी किंवा ट्रॅक्टर ऊसतोडीसाठी साखर कारखान्याच्या वाटेला लागतो, त्या घरांत उचल, म्हणजे कामाआधीच घेतलेली आगाऊ रक्कम, काय असते ते समजावून सांगायची गरज नसते. बरं, हे लिहिणारा स्वतः बोहल्यावरून पळालेला! संसार न करता संसाराचा इतका बारीक हिशेब त्याला कुठून ठाऊक? उत्तर पोथीतच सापडतं. भिक्षा मागायची ती पोटापुरतीच नव्हे. भिक्षेच्या निमित्ताने लहानथोर माणसं परखून घ्यायची. दारोदार जाणाऱ्याला घरात काय शिजतं आणि काय जळतं, दोन्ही कळतं. शिवाय 1630 ते 1632 चा दुष्काळ त्यांच्या ऐन तारुण्यातला. माणूस भुकेला आला की कसा वागतो, ते त्यांना ग्रंथातून शिकावं लागलं नाही.

मूर्खलक्षणांचा समास लोकांना विनोदी वाटतो, आणि तो आहेच. पण त्याच्या शेवटाकडे एक मूर्ख येतो, त्याच्यावर माझा विशेष लोभ. हा स्वतः कधी वाचत नाही, दुसऱ्याला वाचू देत नाही, पोथी नुसती बांधून ठेवतो. हस्तलिखितं पाहायला म्हणून मी मराठवाड्यातल्या जुन्या घरांची दारं बरीच झिजवली. 'सोवळ्यात आहे', 'किल्ली पुण्याच्या मुलाकडे आहे', 'पुढच्या वर्षी या' ही उत्तरं ऐकली की तो समास आठवायचा. समोर म्हणून दाखवण्याचं धाडस मात्र कधी झालं नाही. शंकर श्रीकृष्ण देवांनी असल्याच दारांतून बाडं मिळवून धुळ्याला वाग्देवता मंदिरात नेऊन ठेवली, म्हणून आज निदान बोलता तरी येतं.

आणि एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास! लेखनक्रिया. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं हवं. पहिलं अक्षर जसं, तसंच ग्रंथ संपेपर्यंत. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी आपलंच आपल्याला वाचता येणार नाही. कागदाच्या चारी बाजूंनी जागा सोडावी, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही. मी जुनी पानं हातात घेतली आहेत. कडांचा भुगा झालेला असतो, मजकूर शाबूत असतो. कवित्वाबद्दल बोलतानाही हाच कारागीर बोलतो. मनात आलं ते रेटून जुळवलेलं ते ढीठ, दहा ग्रंथ वाचून त्यांच्यासारखं केलेलं ते पाठ आणि आतून सहज आलेलं ते प्रासादिक. दरवर्षी माझ्याकडे अभिप्रायासाठी कवितासंग्रह येतात. मला चौथा वर्ग अजून लागलेला नाही.

नंतरच्या काळावर, जिल्ह्याची वेस थोडी ओलांडून, भराभर हात फिरवतो. परभणीच्या बी. रघुनाथांनी सरकारी कचेरीत कारकुनी करत माणसांचं कोंडलेपण लिहिलं आणि 1953 मध्ये त्या कचेरीतच देह ठेवला. जालन्यात राय हरिश्चंद्र साहनी 'दुःखी' उर्दूतून लिहीत होते. त्यांच्या नावाचा काव्यपुरस्कार आहे, त्यांची कविता मराठी वाचकापर्यंत पोचली नाही. अनंत भालेराव 'मराठवाडा' दैनिकाच्या अग्रलेखांतून माणसं जोखायचे. अग्रलेख पडल्याशिवाय गावाचं मत ठरत नसे, असा तो काळ.

नरहर कुरुंदकरांपाशी मात्र थांबायला हवं. कुरुंद्यात जन्म, नांदेडला मास्तरकी, आणि नाट्यशास्त्र, मनुस्मृती, संगीत, राजकारण असा कुठलाही विषय वर्ज्य नाही. आधी प्रतिपक्षाची बाजू त्याच्याहून नेटकी मांडायची आणि मग ती सोडवत न्यायची, ही त्यांची रीत. ऐकणाऱ्याला वाटायचं, आता हे तिकडेच गेले! 10 फेब्रुवारी 1982 ला औरंगाबादेत बोलता बोलताच ते गेले, वयाच्या पन्नाशीच्या आतच. वाद घालण्याची त्यांची ती रीत पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची, 'दासबोधा'तल्या श्रोता-वक्त्याच्या आशंकांची. कुरुंदकरांना रामदासांच्या पंगतीला बसवलं म्हणून दोघांचेही भक्त माझ्यावर रागावतात. रागावू देत.

आज काय आहे? शाळेच्या फळ्यावर सुविचार, सकाळी मोबाइलवर फुलांच्या चित्रासह सुविचार, फ्लेक्सवर सुविचार. खाली नाव कोणाचंही : रामदास, विवेकानंद, चाणक्य, आलटून पालटून. विचार करायला लागलेले कष्ट कापून टाकायचे आणि शेवटची ओळ तेवढी ठेवायची. त्या ओळीने कोणाचं काही बिघडत नाही, कोणाला राग येत नाही, म्हणूनच ती इतकी फिरते. कुरुंदकरांचा तर असा सुविचार करताच येत नाही. बहुधा म्हणूनच ते मोबाइलवर दिसत नाहीत.

2022 च्या ऑगस्टमध्ये जांबेच्या राममंदिरातल्या मूर्ती चोरीला गेल्या. जिल्हा हळहळला, सरकार हललं, त्याच वर्षी त्या सापडल्या, आनंद झाला. मलाही झाला. पोथी मात्र चोरावी लागत नाही. ती घरोघर देवघरात लाल फडक्यात बांधलेली असते. या दिवाळीत फराळ झाला की तेवढं फडकं सोडा आणि तिसऱ्या दशकाचे दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतचे समास घरात मोठ्याने, एका बैठकीत वाचा. वाचून राग आला तर मला कळवा. मासिकाकडे माझा पत्ता आहे.