चावी इकडे दे

डिसेंबर उजाडला की मुळशीतल्या गावांत राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं सुरू होतात. पुण्यातल्या महाविद्यालयांची मुलंमुली शाळेच्या खोल्यांत सात दिवस मुक्काम ठोकतात, सकाळी श्रमदान करतात आणि संध्याकाळी देवळापुढे पथनाट्य करतात. व्यसनमुक्तीच्या नाटकात बहुधा एक बेवडा असतो. तो झोकांड्या खात रिंगणात येतो, बरळतो, आपटतो. पोरं खदखदून हसतात. शेवटी कुणीतरी पांढऱ्या चादरीखाली झोपतं, घोषणा होतात, टाळ्या पडतात. नंतर गल्लीतली मुलं नक्कल करतात ती बेवड्याची. चादरीखालच्या मुलाची नक्कल कुणी करत नाही.

ज्या रस्त्यासाठी हे नाटक करायचं, तो रस्ता गावाला लागूनच असतो. चांदणी चौकातून भूगाव, पिरंगुटचा घाट, पौड आणि पुढे मुळशी धरणाच्या काठाने ताम्हिणी. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी इथे दुचाक्यांची रीघ लागते. एकतीस डिसेंबरला फार्महाऊस आणि रिसॉर्ट ओसंडतात. पण सगळा दोष शहरातल्या पाहुण्यांवर ढकलून चालणार नाही. जमिनींच्या पैशाने तालुक्याचं काय झालं, हे प्रवीण तरडे यांनी २०१८ मध्ये ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटातून दाखवलं. त्याच पैशातून दारात आलेली दमदार बाइक आज हळदीच्या रात्री सोळा वर्षांचा मुलगाही ट्रिपल सीट पळवताना दिसतो.

कायदा अपुरा आहे म्हणावं, तर तसंही नाही. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षं पूर्ण लागतात. वाहन परवाना अठराव्या वर्षी मिळतो. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांचा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीन मुलाच्या गुन्ह्यासाठी पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजारांच्या दंडाची तरतूद केली. तरीही २०२२ मध्ये महाराष्ट्रात रस्ते अपघातांनी १५,२२४ माणसं नेली. यात वेग, खड्डे, झोप असं सगळंच आलं. दारूचा खरा वाटा मात्र अशा आकड्यांत पुरता उतरत नाही, कारण प्रत्येक अपघातानंतर रक्ततपासणी वेळेत होतेच असं नाही.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. मुलगा पबमध्ये दारू पिऊन निघाला होता, असं पोलिसांचं म्हणणं. काही तासांत त्याला जामीन मिळाला आणि अटींपैकी एक होती अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयाच्या दोन डॉक्टरांना अटक झाली. निबंधावर लोक संतापले ते योग्यच होतं. त्या संतापापलीकडे एक प्रश्न मात्र उरतो: मुलगा गाडीत बसण्याआधी त्याच्यापर्यंत काय पोचायला हवं होतं?

अमेरिकेत १९९० च्या दशकात यावर ‘एव्हरी फिफ्टीन मिनिट्स’ नावाचा प्रयोग पसरला. काळ्या झग्यातला यमदूत दर पंधरा मिनिटांनी वर्गातून एक विद्यार्थी उचलतो. तो चेहऱ्याला पांढरा रंग फासून परत येतो आणि दिवसभर कुणाशी बोलत नाही. मैदानावर चेपलेली मोटार, खरे पोलीस, खरा अग्निशमन बंब. दुसऱ्या दिवशी सभेत आईवडिलांची निरोपाची पत्रं. मुलं धाय मोकलून रडतात. कॅलिफोर्नियात ओशनसाइडच्या एका शाळेत तर २००८ मध्ये सोबती खरोखरच गेल्याचं मुलांना सांगण्यात आलं आणि मोठा गदारोळ झाला. भीतीचा अभ्यास करणाऱ्या किम विट यांनी १९९२ मध्येच मांडलं होतं की, घाबरलेल्या माणसाला नेमकं काय करायचं हे उमगलं नाही, तर तो धोक्याकडेच पाठ फिरवतो. रडवणं सोपं आहे. रडून झाल्यावर मुलाच्या हाती काय उरतं, हे पाहायला हवं.

आणि धोका बाटलीइतकाच सोबतीत आहे. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये गाडी चालवण्याच्या संगणकी खेळात हे तपासलं. मित्र बाजूला बसले की किशोरवयीन मुलं एकटी असतानापेक्षा कितीतरी जास्त जोखीम घेतात. मोठ्यांवर तसा परिणाम दिसला नाही.

मराठी रंगभूमीने हे फार आधी ओळखलं होतं. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ ला गेले आणि महिनाभराच्या आत, २० फेब्रुवारीला, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात ‘एकच प्याला’ रंगमंचावर आणलं. गणपतराव बोडसांनी साकारलेला नायक सुधाकर मानहानीने पोळलेला असतो आणि नेमक्या त्या घडीला त्याचा सोबती तळीराम पेला पुढे करतो. सुधाकराला वाईट संगत कळत नव्हती असं नाही. वकील होता तो. त्या क्षणी त्याला ‘नको’ म्हणता आलं नाही. गडकऱ्यांची नजर त्या क्षणावर आहे, म्हणून नाटक अजून झोंबतं. ‘आर्य मदिरा मंडळा’च्या प्रवेशांना हशा मिळतो, हेही खरं, आणि आजच्या पथनाट्यांनी नेमका तो हशाच उचलला.

त्या क्षणी ‘नको’ म्हणण्याचा सराव ‘फोरम थिएटर’मध्ये करता येतो; ते ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांनी १९७० च्या दशकात घडवलं. प्रसंग वाईट शेवटापर्यंत नेतात, मग पुन्हा सुरू करतात; या वेळी प्रेक्षक ‘थांबा’ म्हणून स्वतः पात्राच्या जागी उभा राहतो. १९८५ मध्ये सुरू झालेली ‘जन संस्कृती’ ही संस्था बंगालच्या खेड्यांत हेच करते.

पौडच्या एखाद्या शाळेत हा प्रसंग कसा होईल? हळद आटोपली आहे, डीजे थांबलाय. चार पोरं, एक बाइक. “चावी इकडे दे.” “ए, दोनच घेतल्यात, काय होतंय!” “मग पायी जा, घाबरट.” नववीतला मुलगा रिंगणात येतो, चावी मागतो, हरतो. दुसरी मुलगी थेट मित्राच्या काकांना फोन लावते. तिसरा म्हणतो, “आज माझ्याकडेच झोप, सकाळी जा.” हे वाक्य प्रत्येकाने एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं, तर खऱ्या रात्री ते तोंडातून निघणं थोडं सोपं जाईल.

यंदाची शिबिरं आता तोंडावर आली आहेत. कार्यक्रम अधिकाऱ्यांनी आणि मुख्याध्यापकांनी एवढं करावं: बेवड्याचं सोंग वगळा, नाटक दहा मिनिटांत आटपा आणि पुढची वीस मिनिटं गावातल्या मुलांना रिंगणात येऊ द्या. खेळ एकतीस डिसेंबरच्या आधी लावा. आणि पहिल्या रांगेत पालकांना बसवा; बाइकची चावी त्यांनीच दिलेली असते.