चित्र कशाचं बनतं? (लेखांक ४) : गोणपाट, आग आणि भेगा

पिकासोने १९१२ मध्ये आपल्या चित्रावर वेताची वीण छापलेलं मेणकापड चिकटवलं, ते आपण मागच्या लेखात पाहिलं. ते मेणकापड पाहणाऱ्याला वेताच्या खुर्चीची आठवण करून देत होतं. इटलीचा अमूर्त चित्रकार अल्बेर्तो बुर्री त्याच्याही पुढे गेला. त्याच्या चित्रातलं गोणपाट दुसऱ्या कशाचंही सोंग घेत नाही, ते गोणपाटच असतं. मिश्र माध्यमाची ताकद समजून घ्यायला बुर्रीइतका चांगला वाटाड्या नाही.

बुर्री (१९१५–१९९५) उम्ब्रियातल्या चित्ता दी कास्तेल्लो गावचा, शिक्षणाने डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या सैन्यात डॉक्टर असताना १९४३ मध्ये तो ट्युनिशियात पकडला गेला. त्याची रवानगी टेक्सासमधल्या हेरफोर्डच्या युद्धकैदी छावणीत झाली आणि तिथेच तो चित्रं काढू लागला. १९४६ मध्ये मायदेशी परतल्यावर डॉक्टरकी कायमची सोडून तो रोममध्ये चित्रकार म्हणून स्थिरावला.

१९५० च्या आसपास त्याने जुनी पोती हाती घेतली. ती कापायची, एकमेकांना शिवायची, ताणून बसवायची आणि भोकांमागे लाल किंवा काळा रंग ठेवायचा. यातलं एखादं चित्र जवळून बघा. एकीकडे वीण घट्ट, तर शेजारी धागे विरलेले. जुन्या ठिगळाचा तपकिरी रंग बाजूच्या तुकड्यापेक्षा एक छटा गडद. शिवणीचे जाडेभरडे टाके रेषेसारखे चित्रभर फिरतात. कुंचल्याने छटा आणि रेषा साधायच्या, ते सगळं इथे पोतं, सुई आणि दोरा करतात.

डॉक्टर, युद्ध आणि शिवण एकत्र आल्यावर समीक्षकांना यात जखमा आणि बँडेज दिसली. बुर्रीने हा अर्थ कधीच मान्य केला नाही. आपल्याला रस आहे तो आकाराच्या आणि अवकाशाच्या तोलात, असं तो सांगत राहिला. मला त्याचं म्हणणं पटतं. ‘ही जखम’ असं एकदा ठरवलं की डोळे पुढे बघायचंच सोडून देतात. पुढे ‘ग्रांदे साक्को’ हे त्याचं १९५२ चं चित्र रोमच्या राष्ट्रीय आधुनिक कलादालनात लागलं, तेव्हा असल्या पोत्याला कला म्हणायचं का, हा वाद थेट इटलीच्या संसदेत गेला.

पुढे त्याने आग वापरली. आधी कागद, लाकूड. साठच्या दशकात प्लास्टिक. ताणलेल्या प्लास्टिकवर तो पेटत्या टॉर्चची ज्योत धरी. प्लास्टिक वितळून आकसे, भोकाच्या कडा काळवंडून जाडसर वळत. कुठे थांबायचं हे क्षणार्धात ठरवावं लागे, कारण जळलेला भाग पुन्हा जोडता येत नाही. या चित्रांत योगायोगाला जागा आहे, पण किती, ते बुर्री ठरवतो.

सत्तरच्या दशकातल्या ‘क्रेत्ती’ म्हणजे भेगांच्या चित्रांत हीच पकड आणखी स्पष्ट दिसते. पांढरी माती, रंगद्रव्य आणि गोंद यांचं घट्ट मिश्रण तो फळीवर पसरी. वाळताना ते आकसतं आणि उन्हाळ्यात आटलेल्या तळ्यासारखं तडकतं. थर जाड तिथे भेगा रुंद आणि खोल, पातळ तिथे बारीक. म्हणजे थराची जाडी हाच त्याचा कुंचला. हवं तेवढं तडकलं की वरून गोंद देऊन तो ते पक्कं करी.

याच भेगांनी पुढे एक अख्खं गाव व्यापलं. जानेवारी १९६८ च्या भूकंपात सिसिलीतलं जिबेल्लिना गाव उद्ध्वस्त झालं आणि नवं गाव दूरवर वसवलं गेलं. जुन्या गावाच्या अवशेषांवर बुर्रीने पांढऱ्या सिमेंट-काँक्रीटचे माणसाएवढ्या उंचीचे ठोकळे रचले. त्यांच्यामधल्या भेगा बऱ्याच अंशी जुन्या गल्ल्यांच्या मार्गाने जातात आणि त्यांतून चालता येतं. काम १९८९ मध्ये थांबलं आणि त्याच्या जन्मशताब्दीला, २०१५ मध्ये पूर्ण झालं. आकाराचा तोल एवढंच ज्याचं मागणं होतं, त्याने इथे शेकडो घरांच्या आठवणींना जागा करून दिली. साहित्याशी प्रामाणिक राहिलं की अर्थ लादावा लागत नाही, याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

म्हणून मिश्र माध्यमातलं चित्र समोर आलं की ‘याचा अर्थ काय’ हा प्रश्न जरा मागे ठेवा. आधी बघा : हे कशाचं आहे, त्या वस्तूचं काय केलंय आणि हात कुठे थांबलाय?

(पुढच्या लेखात : संगमरवराच्या भुकटीने भिंती रंगवणारा कॅटलान चित्रकार अंतोनी तापिएस)