आठ जीबीतला एक अडेल बिट

दुपारी फॉर्म अर्धा भरून झाला की स्क्रीन निळी. रात्री तोच कॉम्प्युटर गुमान चाले. परतवाड्यातल्या दुकानदारानं पेटी उघडून निदान केलं, ‘‘रॅम गेली भाऊ. नवी टाकतो म्हनाल तं टाकतो, पण भाव आयका पह्यले.’’

भाव ऐकून मी पेटी उचलून घरी आलो. 2025च्या उत्तरार्धापासून रॅम जगभर महागली आहे. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांच्या हाती जवळपास सगळा बाजार, आणि त्यांचा ओढा एआयच्या डेटा सेंटरांकडे.

पण ‘रॅम गेली’ म्हणजे नेमकं किती गेलं? रॉबर्ट डेनार्ड यांना 1966 साली आयबीएममध्ये सुचलेली रचना आजही तीच आहे : एका बिटला एक ट्रान्झिस्टर, एक कपॅसिटर. हा कपॅसिटर म्हणजे गळकं मडकं. साधारण दर 64 मिलिसेकंदांनी ते पुन्हा भरावं लागतं. चिप 85 अंशांपुढे तापली की गळती वाढते आणि मुदत निम्मी करावी लागते. आठ जीबीत अशी सुमारे 6,870 कोटी मडकी. त्यातलं एखादंच जास्त गळकं निघालं, तर ते रात्री तग धरतं नि दुपारी दगा देतं.

आधी रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं पुसल्या. पुष्कळदा तेवढ्यानंच भागतं. माझं भागलं नाही. मग पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट86+ रात्रभर चालवलं. हा प्रोग्राम प्रत्येक जागी ठरावीक आकडे लिहितो आणि परत वाचून ताडून पाहतो. सकाळी लाल ओळी दिसल्या, सगळ्या एकाच पत्त्याच्या.

डिंक्यानं एक झाड गेलं म्हणून अख्खी संत्र्याची बाग कोणी तोडत नाही. विंडोजमध्ये बीसीडीएडिटच्या ‘बॅडमेमरीलिस्ट’मध्ये तो पत्ता टाकला की ती जागा वापरातून बाद होते. पत्त्याचे शेवटचे तीन अंक मात्र गाळायचे, कारण तिथे हिशेब 4,096 बाइटच्या पानांचा असतो. लिनक्समध्ये हेच काम ‘मेममॅप’ करतं. मी शेजारची पानं धरून 16 पानं गाळली, म्हणजे अवघे 64 केबी.

चुका चिपभर विखुरलेल्या असतील तर हा उपाय फोल. रॅम बोर्डालाच डकवलेल्या लॅपटॉपला मात्र तो वरदान. दुकानाचे हिशेब मी तरी अशा मशीनवर ठेवणार नाही.

आता मे महिन्यात, भर दुपारी दोनला, पुन्हा टेस्ट लावायची आहे.