विश्लेषण : शेजारच्या देशात पत्रकार पाठवण्यासाठी सरकार पैसे का मोजते?

ऑस्ट्रेलियाचा एक पत्रकार इंडोनेशियात आणि इंडोनेशियाचा एक ऑस्ट्रेलियात काही आठवडे राहतो, फिरतो, बातम्या लिहितो. खर्च ऑस्ट्रेलियाचे सरकार उचलते. या योजनेचे नाव ‘एलिझाबेथ ओनील पत्रकारिता पुरस्कार’. पुरस्कार म्हटले की आपल्याकडे शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह डोळ्यांसमोर येते. इथे मिळते ते प्रवासाचे तिकीट.

एलिझाबेथ ओनील कोण होत्या?

जकार्तातील ऑस्ट्रेलियन दूतावासात त्या माध्यमांशी संपर्काचे काम पाहत. ऑक्टोबर २००२ मध्ये बालीतील बॉम्बस्फोटांत २०२ जण ठार झाले, त्यांत ८८ ऑस्ट्रेलियन होते. त्या काळातील कामाबद्दल ओनील यांना ‘ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया’चे पदक मिळाले होते.

७ मार्च २००७ रोजी परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर डाउनर यांच्या दौऱ्यासाठी त्या जकार्ताहून योग्यकार्ताला निघाल्या. त्याच दौऱ्याचे वार्तांकन करणारे पत्रकारही गरुडा कंपनीच्या त्याच विमानात होते. विमान प्रमाणाबाहेर वेगात उतरले, धावपट्टी ओलांडून शेतात गेले आणि पेटले. धोक्याचे इशारे वारंवार मिळूनही वैमानिकाने उतरण्याचा प्रयत्न सोडला नव्हता, असे चौकशीत आढळले. विमानातील १४० पैकी २१ जणांचा मृत्यू झाला. त्यांत ओनील आणि ‘ऑस्ट्रेलियन फायनान्शियल रिव्ह्यू’चे मॉर्गन मेलिश यांच्यासह पाच ऑस्ट्रेलियन होते. ‘सिडनी मॉर्निंग हेरल्ड’च्या सिंथिया बॅनहॅम वाचल्या, पण दोन्ही पाय गमावून. ओनील यांच्या स्मृत्यर्थ हा पुरस्कार सुरू झाला.

अशा देवाणघेवाणीची गरज का भासली?

कारण या दोन शेजाऱ्यांत बातमीवरून अनेकदा बिनसले आहे. ऑक्टोबर १९७५ मध्ये पूर्व तिमोरमधील बालिबो येथे ऑस्ट्रेलियन वाहिन्यांचे पाच पत्रकार मारले गेले. ते चकमकीत सापडले, असे इंडोनेशिया सांगत राहिला. इंडोनेशियन सैन्याने त्यांना जाणूनबुजून ठार केले, असा निष्कर्ष न्यू साउथ वेल्समधील न्यायिक चौकशीने २००७ मध्ये काढला. १९८६ मध्ये सुहार्तो कुटुंबाच्या संपत्तीवर सिडनीच्या दैनिकात लेख आला आणि इंडोनेशियाने ऑस्ट्रेलियन पत्रकारांना दारे बंद केली. २०१३ मध्ये अध्यक्ष युधोयोनो यांच्या फोनवर पाळत ठेवण्याचा ऑस्ट्रेलियाचा प्रयत्न उघड झाल्यावर जकार्ताने राजदूत माघारी बोलावला.

२०११ चे प्रकरण जास्त बोलके आहे. इंडोनेशियातील कत्तलखान्यांत ऑस्ट्रेलियन गुरांचे होणारे हाल ‘एबीसी’ने दाखवले. लोक संतापले आणि काही दिवसांतच सरकारने जिवंत गुरांची निर्यात थांबवली. उत्तर ऑस्ट्रेलियातील पशुपालक अडचणीत आले, तर पुरवठा अचानक तोडला म्हणून इंडोनेशिया दुखावला. ही बंदी बेकायदा होती, असा निकाल ऑस्ट्रेलियातील न्यायालयाने २०२० मध्ये दिला. बातमी खोटी नव्हती. पण समुद्राच्या दोन्ही बाजूंच्या वाचकांना या गोष्टीचा आपापला अर्धाच भाग ठळक दिसला. समोरच्या देशात चार माणसे ओळखणारा बातमीदार उरलेल्या अर्ध्या भागासाठी निदान एक फोन करू शकतो. पुरस्काराचा खरा उपयोग एवढाच, पण तो लहान नाही.

सरकारी पैशावर गेलेला पत्रकार मोकळेपणाने लिहील का?

प्रश्न रास्त आहे. पुरस्कारामागे असलेली ‘ऑस्ट्रेलिया-इंडोनेशिया इन्स्टिट्यूट’ ही १९८९ मध्ये सरकारनेच स्थापन केलेली संस्था. ‘हे लिहा, ते लिहू नका’ असे कुणी सांगावेच लागत नाही. पाहुणा म्हणून गेलेला माणूस आपणहून जपून बोलतो. खाद्यसंस्कृती, पर्यटन, कला यांवर लिहिणे सोपे. पापुआवर लिहिणे अवघड.

तिथे पैशापेक्षा परवानगीचा प्रश्न मोठा आहे. पापुआ परदेशी पत्रकारांसाठी खुले केल्याची घोषणा अध्यक्ष जोको विडोडो यांनी २०१५ मध्ये केली. तरीही २०१८ मध्ये बीबीसीच्या ऑस्ट्रेलियन पत्रकाराला तिथून बाहेर काढण्यात आले. निमित्त होते मदतसामग्रीबद्दलचे ट्वीट.

भारताच्या शेजारी काय स्थिती आहे?

इथे तर कायमचे वार्ताहरही टिकले नाहीत. भारत आणि चीनने २०२३ मध्ये एकमेकांच्या पत्रकारांचे व्हिसा रोखले. त्या वर्षी जूनमध्ये ‘पीटीआय’च्या बीजिंगमधील वार्ताहरालाही देश सोडण्यास सांगण्यात आले. पाकिस्तानशी दोन-दोन पत्रकारांची जुनी व्यवस्था होती. मे २०१४ मध्ये पाकिस्तानने ‘पीटीआय’ आणि ‘द हिंदू’ या दोन्हींच्या वार्ताहरांना परत पाठवले. ‘द हिंदू’च्या वार्ताहर होत्या मुंबईत दीर्घकाळ पत्रकारिता केलेल्या मीना मेनन. जेमतेम नऊ महिन्यांच्या त्या मुक्कामावर त्यांनी पुढे ‘रिपोर्टिंग पाकिस्तान’ हे पुस्तक लिहिले. त्यांचा व्हिसा फक्त इस्लामाबादपुरता होता.