ढब्बू पैसा, टर्पेंटाइन आणि घरातले मूल

इंदूरसारख्या जुन्या संस्थानी शहरातील मराठी घरांत तांब्याची नाणी अद्याप निघतात. देव्हाऱ्याखालच्या डब्यात, आजीच्या बटव्यात, एखाद्या पितळी गडव्याच्या तळाशी. होळकरांचा बसलेल्या नंदीचा पाव आणा, कंपनी सरकारचा १८३५ सालचा पाव आणा, महायुद्धाच्या काळातला भोकाचा पैसा आणि भाग्य असेल तर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्र पति’ अशी अक्षरे असलेली शिवराई. नाणे हाती आले की पहिली इच्छा होते ती ते लख्ख करण्याची. प्रस्तुत लेखक बालरोगतज्ज्ञ असून नाण्यांचा हौशी संग्राहक आहे. या इच्छेपायी काय घडू शकते ते त्याने दोन्ही नात्यांनी पाहिले आहे.

२००९ सालच्या मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास दीड वर्षाच्या एका मुलाला घेऊन त्याचे आजी-आजोबा दवाखान्यात धावत आले. आजोबा सेवानिवृत्त, नाण्यांचे शौकीन. घरी लाकूडकाम झाल्यावर उरलेले मिनरल टर्पेंटाइन त्यांनी थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवले होते. त्यातले थोडे वाटीत ओतून आठ-दहा पाव आणे भिजत घातले आणि बाटली तशीच जमिनीवर राहिली. नातवाने ती तोंडाला लावली. जेमतेम एक-दोन घोट गेले असतील. ठसका लागला, मूल रडले आणि मग बरेचसे शांत झाले. आजीने घाबरून मिठाचे पाणी पाजले व घशात बोट घालून उलटी करविली. माझ्यापुढे मूल आले तेव्हा श्वासाची गती मिनिटाला ६४ होती, नाकपुड्या फुलत होत्या आणि तोंडाला टर्पेंटाइनचा वास येत होता.

सहा दिवस ते मूल रुग्णालयात होते, त्यांपैकी तीन दिवस प्राणवायूवर. सुदैवाने पूर्ण बरे झाले. तिसऱ्या दिवशी आजोबा मला व्हरांड्यात गाठून म्हणाले, “डॉक्टरसाहेब, याने नाण्याला काही होत नाही, असं मला नाणेवाल्याने सांगितलं होतं हो!”

नाणेवाल्याचे म्हणणे खोटे नव्हते. टर्पेंटाइन, झायलीन, अ‍ॅसिटोन ही सेंद्रिय द्रावके तांब्याशी सहसा अभिक्रिया करीत नाहीत. ती तेल, मेण, चिकटपट्टीचा गोंद, बोटांचा स्निग्धांश विरघळवितात. परंतु जुन्या नाण्याचा काळपटपणा हा मळ नसतो. तांब्याचा हवेशी दीर्घकाळ संयोग होऊन प्रथम कुप्रस ऑक्साइडचा तांबूस-तपकिरी थर बनतो. त्यावर पुढे काळे ऑक्साइड वा सल्फाइड आणि दमट जागी हिरवे कार्बोनेट येते. हे सारे थर खनिजरूप असल्यामुळे द्रावकाचा त्यांच्यावर काहीही परिणाम होत नाही. आजोबांनी पाव आणे महिनाभर बुडवून ठेवले असते तरी ते तपकिरीच राहिले असते. ज्या कामासाठी ती बाटली घरात राहिली, ते काम तिच्याने होण्याजोगे नव्हतेच.

द्रावकाने काही होत नाही हे दिसले की माणूस आम्लाकडे वळतो. चिंच-मीठ, लिंबू-मीठ हे आपल्या स्वयंपाकघरातील सिद्ध उपाय. तांब्याच्या घागरीसाठी ते उत्तम आहेत, कारण घागर रोज घासली जाते, धुतली जाते आणि तिच्यावर वाचायचे काही नसते. नाण्याचे तसे नाही. आम्ल वरचा थर विरघळविते व खालचे उघडे गुलाबी तांबे बाहेर येते. तो रंग टाकसाळीतून नुकत्याच निघालेल्या नाण्याचा नव्हे, तर खपली ओढून काढल्यावर दिसणाऱ्या कातडीचा असतो. थराबरोबर अक्षरांच्या कडाही बोथट होतात आणि जाणकाराच्या लेखी अशा नाण्याचे मोल एकदम उतरते. त्याहून वाईट वाटा मिठाचा. त्यातील क्लोराइड नाण्याच्या सूक्ष्म छिद्रांत दडून राहते. पावसाळ्याची दमट हवा लागली की त्यापासून बनलेले कुप्रस क्लोराइड हिरव्या भुकटीत बदलते, त्या क्रियेत हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते, ते पुन्हा तांबे खाते आणि चक्र चालू राहते. संग्रहालयवाले यास ‘ब्राँझ डिसीज’ म्हणतात. नाव ब्राँझचे असले तरी तो शुद्ध तांब्यालाही सोडीत नाही. काही उत्साही मंडळी शौचालय साफ करण्याचे आम्ल किंवा सोनारकामातले नायट्रिक आम्ल वापरतात. पहिले मुलाच्या अन्ननलिकेस आयुष्यभराची इजा करू शकते. दुसऱ्याच्या तपकिरी वाफांनी फुप्फुसात पाणी होऊ शकते, आणि तेही कित्येक तासांनी, त्रास नाही असे समजून माणूस निर्धास्त झाल्यावर.

आंबट पदार्थ तांब्याला लागून हिरवा-निळा झालेला द्रव हा स्वतः तांब्याच्या क्षारांचा असतो, हेही ध्यानात असावे. आपल्या आज्या पितळी भांड्यांना कल्हई का लावीत, हे सांगायला नकोच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित व त्यांचे ब्रिटिश सहकारी यांनी १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखविले, की भारतीय बालकांतील यकृत-सिरॉसिस या घातक व्याधीचा संबंध तांब्या-पितळेच्या भांड्यांत ठेवलेल्या दुधाशी असावा. आमच्या शिक्षणकाळी ही मुले वॉर्डात असत. आजच्या निवासी डॉक्टरांना तो रोग पुस्तकातच पाहावा लागतो.

आता माझ्या व्यवसायबंधूंसाठी थोडे. टर्पेंटाइन, घासलेट, थिनर यांतील मुख्य धोका पोटात गेलेल्या द्रवाचा नसून श्वासमार्गात उतरलेल्या थेंबांचा असतो. या द्रवांची श्यानता व पृष्ठताण दोन्ही कमी. त्यामुळे एक मिलिलिटरभर द्रवही श्वासनलिकेत शिरला तर फुप्फुसभर पसरतो, वायुकोशांतील सर्फॅक्टंट नष्ट करतो आणि रासायनिक न्यूमोनिया होतो. आजीने करविलेल्या उलटीने हेच केले. पहिल्या ठसक्यात थोडे गेले असेल, उलटीत पुन्हा गेले. म्हणून उलटी करवू नये. पोट धुण्याचा मोहही, केवळ हायड्रोकार्बन गेले असेल तर, आवरावा. कोळशाची पूड ही द्रव्ये नीट शोषून घेत नाही. स्टेरॉइडने लाभ होत नाही, आणि प्रतिजैविके जंतुसंसर्गाचा पुरावा असल्यासच द्यावीत. द्रव सांडलेले कपडे काढून अंग साबणाने धुणे मात्र विसरू नये. सुरुवातीचा एक्स-रे निर्मळ आला म्हणून मूल घरी पाठविणे धोक्याचे. लक्षणे नसली तरी निदान सहा ते आठ तास नजरेखाली ठेवावे. पालकांना एकच सांगणे : बाटली बरोबर आणा. ‘थिनर’ या एका नावाखाली टोल्युईन असते, कधी मिथेनॉलही असते, आणि मिथेनॉलची चिकित्सा सर्वस्वी निराळी. जुन्या प्रयोगशाळेतून आलेल्या कुपीत कार्बन टेट्राक्लोराइड निघाले तर चिंता फुप्फुसापेक्षा यकृताची. ट्रायक्लोरोएथिलीन हे ग्रीस काढण्याचे लाडके द्रावक तर मानवात कर्करोगकारक असल्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली दिला.

द्रावकाला नाणेसंग्रहात स्थानच नाही असे नाही. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत नाणी वर्षानुवर्षे राहिली की त्यांवर हिरवट चिकट थर जमतो. त्यातून सुटणारे आम्ल तांब्याला खाते. हा थर शुद्ध अ‍ॅसिटोनने निघतो. त्यासाठी काचेची वाटी घ्यावी, प्लॅस्टिकची नव्हे, आणि काम गच्चीवर वा अंगणात करावे. दोनदा ताजे अ‍ॅसिटोन बदलावे, म्हणजे विरघळलेला मळ पुन्हा नाण्यावर सुकत नाही. घासू नये, हवेत कोरडे होऊ द्यावे. नखांचा रंग काढण्याचे द्रावण त्याऐवजी चालत नाही. त्यातील तेल व सुगंधी द्रव्ये नाण्यावर राहतात. अ‍ॅसिटोन उणे वीस अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ देते आणि ती वाफ हवेच्या दुप्पट जड असते. ती जमिनीलगत सरकत समईपर्यंत किंवा गॅसच्या शेगडीपर्यंत पोचते. रांगणारे मूलही त्याच उंचीवर श्वास घेते. साध्या मातीसाठी डिस्टिल्ड वॉटरमध्ये नाणे भिजविणे पुरेसे आहे.

त्या मे महिन्यातल्या रात्री घरी आल्यावर मी स्वतःचे कपाट उघडले. खालच्या फळीवर झायलीनची बाटली होती. पूर्वी ती खोकल्याच्या औषधाची होती, आणि लेबलही तसेच होते. माझी मुले तेव्हा मोठी झाली होती, पण दवाखाना घराखालीच असल्याने बालरुग्णांची वर्दळ वर घरापर्यंत चाले. रोज पालकांना रॉकेलच्या बाटलीवरून बोलणारा मनुष्य तो मीच. बाटली दुसऱ्या दिवशी वैद्यकीय महाविद्यालयातील विकृतिशास्त्राच्या एका मित्राकडे गेली. त्याच्या प्रयोगशाळेत झायलीनचा रोजचाच उपयोग असतो.

पुढच्या दिवाळीला ते आजोबा नातवाला घेऊन आले. त्यांनी कागदी पाकिटातून एक पाव आणा माझ्या टेबलावर ठेवला. भिजत घातलेल्यांपैकीच होता तो, काळसर तपकिरी, जसाच्या तसा. मी भिंग काढले. नंदीच्या पाठीवरचे वशिंड आणि गळ्याखालची पोळी स्पष्ट दिसत होती. नातू भिंग मागत होता. ते दिले, नाणे मात्र आजोबांनी पुन्हा खिशात घातले.